राजापूर-कणकवली पट्ट्यात दारू सोडण्यासाठी ए.ए. (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) गट: कसा शोधायचा, पहिल्यांदा जाताना काय?

राजापूरची_लेक

नमस्कार. माझा धाकटा भाऊ राजापूर तालुक्यात, आमच्या गावी आईबरोबर राहतो. आंबा-काजूची थोडी बाग आहे, उरलेल्या वेळात टेम्पो चालवतो. पिणं बऱ्याच वर्षांचं. आधी शिमगा-गणपतीपुरतं होतं, मग दर शनिवारी, आता सकाळी उठल्या उठल्या लागते. ह्या मे महिन्यात शेवटच्या पेट्या वाशीला रवाना झाल्यावर त्याने मला स्वतःहून फोन केला. म्हणाला, "ताई, माझ्याने एकट्याने सुटत नाही. कुठे असं असतं का, जिथे आपल्यासारखे लोक बसून बोलतात?" आजवर घरातल्यांनी त्याला इतकं बोलून झालंय, पण हे तो स्वतः म्हणालाय. म्हणून ही वेळ मला वाया जाऊ द्यायची नाही.

मी डोंबिवलीला असते. इकडे गट आहेत हे माहीत आहे, पण तो बाग आणि आईला सोडून इथे येणार नाही. तिकडे जवळपास गट असेल तर तो शोधायचा कसा? त्याला सगळ्यात जास्त भीती ओळखीची वाटते. आमच्याकडे बाजारात कुणाला शिंक आली तरी वाडीत कळतं. तिथे नाव लिहून घेतात का? पैसे किती घेतात? आणि आणखी एक. आईला कुणीतरी आमटीत कालवायची पावडर आणून दिली आहे, त्याला न सांगता द्यायची म्हणे. ती द्यावी का?

हर्णैकर

ताई, पावडर आजच फेकून द्यायला सांगा. बाकीचं जाणकार सांगतीलच.

परिचारिका

मी बरीच वर्षं जिल्हा रुग्णालयात वॉर्डात काम केलं आहे, म्हणून गटाच्या आधीचं सांगते. घाईत आहे, पण हे आत्ताच लिहिणं भाग आहे.

भाऊ सकाळी उठल्याबरोबर घेतो असं तुम्ही लिहिलंय. अशा माणसाने ठरवून एका रात्रीत बंद करू नये. रोज भरपूर पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. अचानक बंद केली की सहा-बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि काही जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो. अंगावर मुंग्या चढताहेत, कुणी दारातून हाका मारतंय, भिंतीवर माणसं दिसताहेत, असं सगळं. ताप आणि रक्तदाब चढतात. ह्या अवस्थेत उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो.

आपल्याकडे नेमकं काय होतं तेही सांगते, कारण मी ते पाहिलंय. तिसऱ्या रात्री माणूस असंबद्ध बोलायला लागला की घरचे म्हणतात, बाहेरचं झालं, चकवा लागला. मग देवळात कौल लावायचा, अंगारा आणायचा, जाणत्याला बोलवायचं. त्यात एक आख्खी रात्र जाते. आमच्याकडे पेशंट यायचा तो दोरीने बाजेला बांधलेला, अंगात ताप, ओठ कोरडे पडलेले. बाईंनो, भावांनो, कौल जरूर लावा, पण गाडी आधी दवाखान्याकडे काढा.

त्यामुळे आधी जिल्हा रुग्णालयातली मानसोपचाराची ओपीडी. रत्नागिरीला सिव्हिल आहे, शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालयही तिथेच आहे. सिंधुदुर्गच्या बाजूला ओरोसचं जिल्हा रुग्णालय. किती पितो, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, हे खरं खरं सांगायचं. डॉक्टर काही दिवस उतरत्या मात्रेत गोळ्या देतात आणि जीवनसत्त्व बी-१ देतात. गावात नुसतं सलाईन लावून घरी पाठवतात, तिथे एवढं विचारा की ग्लुकोजच्या आधी बी-१ दिलं का. कुपोषित पिणाऱ्याला बी-१ शिवाय ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो.

पावडरीबद्दल: अशा पुड्यांत काय असतं कुणालाच ठाऊक नसतं. काहींत डायसल्फिराम निघतं. ते खरं औषध आहे, डॉक्टर देतातही, पण पेशंटला सगळं समजावून आणि त्याच्या संमतीने. ते पोटात असताना दारू घेतली की तोंड लाल होतं, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. न सांगता दिलेल्या माणसाला दारू टाळायचं कारणच माहीत नसतं. हृदयाचा त्रास असेल तर जीवावर बेततं.

रात्रीअपरात्री काही सुचलं नाही तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत.

खाडीकाठ

राजापूरची_लेक, मी ए.ए.चा सभासद आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलाच. नाव-गाव सांगत नाही, ते आमच्या परंपरेतच बसत नाही. परिचारिकाताईंनी लिहिलंय त्याला माझा शब्दन्शब्द दुजोरा. अंगातली उतरवण्यासाठी डॉक्टर, आणि परत न उचलण्यासाठी मीटिंग. आमच्या गटातही नवा माणूस थरथरत आला तर आम्ही त्याला आधी दवाखान्यात घेऊन जातो.

गट शोधायचा असा. ए.ए.चं भारतातलं मुख्य सेवा कार्यालय मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावर संपर्काची सोय आहे. तिथे फोन करून तालुका सांगा, ते तुमच्या भागातल्या सभासदाशी जोडून देतात. दुसरी वाट म्हणजे तीच मानसोपचाराची ओपीडी. तिथल्या समुपदेशकाला विचारा, गटाचा वार त्यांना बहुधा माहीत असतो. कोकणात गट मुंबईसारखे गल्लोगल्ली नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एखादा-दुसरा दिवस, शाळेचा वर्ग नाहीतर एखादं सभागृह संध्याकाळचं मागून घेतलेलं. यादीतला वार पावसाळ्यात कधी बदललेला असतो, म्हणून निघायच्या आधी फोन कराच.

आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. माणूस यायला कचरत असेल तर आमच्यातले दोघं जण घरी किंवा तो म्हणेल तिथे येऊन भेटतात. चहाच्या टपरीवर, बागेत, कुठेही. त्याचे पैसे नाहीत. ए.ए.च्या कार्यक्रमात बारा पायऱ्या आहेत, त्यातल्या बाराव्या पायरीचं हे काम आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात आमचाही स्वार्थ आहे, कारण दुसऱ्याला सांगताना आमची स्वतःची शुद्ध टिकते. फक्त बोलावणं त्याचं हवं. घरच्यांनी परस्पर बोलावलेल्या ठिकाणी आम्ही गेलो तर तो मागच्या दाराने निघून जातो.

नाव लिहून घेत नाहीत. वही नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. पैसे नाहीत. शेवटी एक पिशवी फिरते, सभासद त्यात वाटेल ते टाकतात, त्यातून चहा आणि खोलीचा खर्च निघतो. नव्या माणसाने काही टाकायचं नाही. बाहेरच्या कुणाची देणगी आम्ही घेत नाही, मग तो आमदार असो की शेटजी. सभासद व्हायला एकच अट, पिणं थांबवायची इच्छा. आणि ती तर तुमच्या भावाने फोनवर बोलूनच दाखवलीय.

पहिल्यांदा गेल्यावर काय दिसेल? शाळेच्या बाकांवर बसलेले आठ-दहा जण. बाक पोरांचे असल्यामुळे गुडघे अडकतात. फळ्यावर पाढे तसेच असतात, ते पुसायचे नाहीत अशी मुख्याध्यापकांची ताकीद असते. एक जण सभा चालवतो, आधी ए.ए. म्हणजे काय ते वाचून दाखवतो. मग एकेक जण उठतो, आपलं पहिलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि स्वतःची गोष्ट सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही. तुमच्या भावाला बोलायचं नसेल तर "मी आज फक्त ऐकतो" एवढं पुरे. एक-दीड तासाने प्रार्थना, चहा, आणि दोन-चार फोन नंबर हातात. त्या नंबरांना मीटिंगइतकीच किंमत आहे. संध्याकाळी सात वाजता हात गुत्त्याकडे वळतो तेव्हा मीटिंग चार दिवसांवर असते, फोन खिशात असतो.

ओळखीच्या भीतीवर माझं स्पष्ट मत: सुरुवातीला आपल्या बाजारपेठेतला गट टाळायचा असेल तर खुशाल टाळा. पलीकडच्या तालुक्यात जा. राजापूरच्या माणसाने कणकवलीला किंवा लांज्या-रत्नागिरीला जायला काही हरकत नाही, महामार्ग आहेच. पण इतका लांबचा गट निवडू नका की तिसऱ्या आठवड्यात अंतराचंच कारण होईल. परतीची शेवटची एसटी किती वाजता, हे आधी बघा. आमच्याकडे बरीच माणसं तुटली ती ह्या एका कारणाने. आता आम्ही मोटारसायकलवाल्यांच्या जोड्या लावतो.

जुना_चिपळूणकर

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. आपल्याकडे हे काम माळेने कितीतरी आधीपासून केलंय. माझ्या सख्ख्या काकांनी पंढरपूरला माळ घातली आणि पुन्हा थेंबाला शिवले नाहीत. रायगडात रेवदंड्याच्या निरूपणाच्या बैठकीला जायला लागून पिणं सोडलेली घरंच्या घरं मला माहीत आहेत. मग अमेरिकेतून आलेल्या पद्धतीची गरज काय? आणि प्यायलेल्यांनी प्यायलेल्यांना काय शिकवायचं?

खाडीकाठ

काकांचं ऐकून आनंद झाला. आमच्या गटात माळकरी आहेत, बैठकीला जाणारे आहेत, नमाजी आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि देव न मानणारे दोघं आहेत. कुणाची माळ कुणी काढायला सांगत नाही. ईश्वर ज्याला जसा समजेल तसा, असंच पायऱ्यांत म्हटलंय. ज्याची माळेने सुटली त्याने तीच धरावी. पण माळ घालून, मग मोडून, त्या अपराधाने दुप्पट प्यायलेलेही आमच्याकडे येतात. माळ तुटलेल्या माणसाला वारीत उभं राहायची लाज वाटते. मीटिंगमध्ये त्याला "ये, बस" एवढंच म्हणतात. त्याला पुन्हा पाय ठेवायला जागा हवी की नको?

तुमचा दुसरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ए.ए.ची सुरुवातच त्यातून झाली. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल नावाचा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामाला आला होता. काम फिसकटलं. पिणं थांबवून त्याला थोडेच महिने झाले होते आणि हॉटेलातला बार समोर होता. त्याने ओळखलं, आत्ता दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोललो नाही तर मी पिणार. फोन करत करत तो डॉक्टर बॉब या सर्जनपर्यंत पोचला. बॉबला डॉक्टरकी शिकवायची गरज नव्हती, दारूचे परिणाम त्याला बिलपेक्षा जास्त ठाऊक होते. तरी सुटत नव्हती. समोरचा माणूस उपदेश न करता स्वतःचं सांगतोय, हे त्याला नवं होतं. तिथून हे सुरू झालं, आणि भारतात १९५७ पासून आहे. शिकवत कुणीच नाही हो. आम्ही सांगतो आणि ऐकतो.

परिचारिका

पुरावा हवा असणाऱ्यांसाठी: २०२० साली कोक्रेनचा, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला. २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं. ए.ए. आणि त्याला जोडून देणारे उपचार पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले. म्हणजे डॉक्टरही आता हे नुसतं भाबडेपण समजत नाहीत.

दर्यावर्दी

मालवणीत लिवतंय, संभाळून घेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होडी किनाऱ्यार, हाताक काम नाय, खिशात हंगामाचे पैसे. आमच्याकडे पिना वाढता ता ह्याच दोन महिन्यांत. माका गटात नेल्यान माझ्याच रापणीतल्या एका जाणत्यान. तेना सांगल्यान, "एक दिस माझ्यावांगडा ये. पटला नाय तर परत येव नको." ताई, तुमच्या भावाक सोबत कोण नसात तर सांगा. कणकवलीपर्यंत मी येतंय.

अबोली

ताई, मी तुमच्या आईंसाठी लिहिते आहे. माझे यजमान प्यायचे. मी पावडर केली, नवस केले, बाटल्या ओतल्या, पाकीट लपवलं, साहेबांना फोन करून "ताप आहे" सांगितलं. माझा दिवस त्यांच्या पावलांच्या आवाजावर चालायचा. फाटक कसं उघडलं यावरून मला आजची रात्र कशी जाणार ते कळायचं.

घरच्यांसाठी वेगळी सभा असते, अल-अनॉन. ती १९५१ साली अमेरिकेत पिणाऱ्यांच्या बायकांनीच उभी केली. मुलांसाठी अलाटीन. पिणारा गटात जावो न जावो, आपण जाऊ शकतो. हे मला कुणी वेळेत सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, आजार त्यांचा, मी कशाला? तिथे पहिल्यांदा ऐकलं की हे पिणं मी सुरू केलं नाही, मी त्याला आवर घालू शकत नाही आणि मी ते बरंही करू शकत नाही. मी घरी येऊन ढसाढसा रडले, आणि त्या रात्री जेवले. आधी मी जेवणाचं ताट घेऊन त्यांची वाट बघत बसायचे.

आता हे म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणं नव्हे. मी साहेबांना खोटे फोन करणं बंद केलं. ते पडले तर अंगावर पांघरूण घालायचे, पण उलटी साफ करून सकाळी काही झालंच नाही असं दाखवायचे नाही. हे जमायला फार वेळ गेला. आपल्याकडे बाईने असं केलं की "घोवाकडे लक्ष नाही" म्हणतात. म्हणू देत.

हर्णैकर

सावधगिरीचा एक शब्द. माणसाला रात्री जीपमध्ये कोंबून नेणारी "केंद्रं" आहेत. आमच्या ओळखीतल्या एकाला असं नेलं, महिनाभर घरच्यांशी बोलू दिलं नाही, मारहाण झाली. भरती करायचीच वेळ आली तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा म्हणावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे आजारही येतात. पेशंटला हक्क आहेत, मारायची कुणालाच मुभा नाही. चांगल्या संस्थाही आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने सुरू केलेलं.

राजापूरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मी रजा टाकून गावी आले होते, आज लिहायला बसले.

पावडर शेणकईत टाकली. आधी ओपीडी केली. डॉक्टरांनी त्याला दाखल करून घेतलं, हातांची थरथर थांबल्यावर गोळ्या देऊन सोडलं. मग खाडीकाठदादांच्या ओळखीतले दोघं बागेत येऊन गेले. आईने त्यांना घावणे केले. ते कोण हे तिने विचारलं नाही, "बागेचं बघायला आलेत" असं शेजारी सांगून टाकलं.

मग तो दर्यावर्दीदादांबरोबर पलीकडच्या तालुक्यातल्या मीटिंगला गेला. खरं सांगते, त्याला सगळं आवडलेलं नाही. प्रार्थनेला सगळे उभे राहिले तेव्हा अवघडल्यासारखं झालं म्हणाला. एक जण फार लांबण लावत होता. पण एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं की ते बाटली भाताच्या उडव्यात लपवायचे आणि बायकोला वाटायचं, नवऱ्याला गुरांची किती काळजी, सारखा वैरण काढायला जातो. आमच्या घरी हाच उडवा, हीच जागा. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो हसत होता, आणि आम्ही दोघं त्यावर बराच वेळ बोललो. इतक्या वर्षांत पिण्यावर आमचं भांडण सोडून बोलणं झालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात जाईन म्हणतोय. मधल्या दिवसांत फोनवरच्या मराठी मीटिंगला बसतो. घरात रेंज येत नाही, म्हणून संध्याकाळी वर सड्यावर जातो. पावसात तिथे काय करणार, ठाऊक नाही.

आता धास्ती गणपतीची आहे. चुलतभाऊ मुंबईहून येणार, रात्रीची भजनं, मग मागच्या पडवीत बैठक. शिवाय राखणीला, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला, कोंबडा आणि बाटली द्यायची रीत आमच्या घराकडे आहे, आणि ती बाटली आणायचं काम त्याचं.

खाडीकाठ

पहिले सण कठीण जातात. बाटली आणायचं काम आत्ताच दुसऱ्या कुणाकडे सोपवा, आदल्या दिवशी नको. घरातल्या एका मोठ्या माणसाने गाऱ्हाणं घालणाऱ्याला आधी भेटून सांगावं. राखण नारळावर आणि कोंबड्यावर मान्य करणारे गावकर मी पाहिलेत. देवाला राखणदार हवा असतो, पडलेला माणूस नको असतो.

चुलतभावांपैकी जो सगळ्यात समजूतदार असेल त्याला खरं सांगा, सगळ्यांना सांगायची गरज नाही. भजनाला भावाने जरूर बसावं, शेवटच्या आरतीनंतर मात्र पडवीत न थांबता उठावं. झोपायची सोय त्या दिवसांत दुसऱ्या घरी केली तर उत्तम. आमच्यात चार गोष्टी सांभाळायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. गणपतीत चारही एकदम येतात, म्हणून वेळेवर जेवायला घाला. आणि गौरी-गणपतीतही आमची मीटिंग बंद नसते, उलट त्याच दिवसांत जास्त घेतो.

सड्याचं म्हणाल तर आमच्यातल्या एकाने तिथे मांगरात पत्रा टाकून घेतलाय. तुमच्या बागेत मांगर असेलच.

घसरला तर? तर दुसऱ्या दिवशी फोन करायचा आणि यायचं. पुन्हा रोज पिऊ लागला असेल तर आधी दवाखाना, कारण त्रास पुन्हा तसाच होऊ शकतो. जुन्या मात्रेवर उडी मारली तर आणखी वाईट.

जुना_चिपळूणकर

भावाला माझा नमस्कार सांगा. घरच्यांच्या सभेची माहिती मला हवी आहे. माझ्या बहिणीसाठी.

अबोली

काका, निरोप पाठवला आहे. बहिणीला आधी माझ्याशी फोनवर बोलू दे, मग दोघी मिळून जाऊ.

राजापूरची_लेक

अबोलीताई, आईसुद्धा येते म्हणतेय. तिने आजवर असं कुठे तोंड उघडलेलं नाही, आणि तिला प्रमाण भाषेत बोलता येत नाही याचीच काळजी आहे. चालेल ना?

अबोली

आमच्याकडे अर्ध्या बायका घरच्याच बोलीत बोलतात, आणि कित्येक जणी पहिले काही महिने बोलतच नाहीत. आईंना घेऊन या. सभा दुपारी असते, परतीची गाडी आरामात मिळते. पुढच्या दाराला पायऱ्या जास्त आहेत. गुडघे दुखत असतील तर विहिरीच्या बाजूने या, तिकडून सपाट आहे. मी फाटकाशी थांबते.